शेष आणि स्वामित्व : ज्वालामुखीच्या उद्रेकातील वैयक्तिक स्मृती व स्मृतिचिन्हे

१

भारतीय भाषांच्या वाङ्मयात पूर, दुष्काळ, साथी आणि भूकंप यांच्या स्मृती विपुल आहेत. ज्वालामुखीच्या उद्रेकाची स्मृती मात्र जवळजवळ नाही. याचे कारण भूगोलात आहे. अजिंठा-वेरूळची लेणी ज्या काळ्या पाषाणात कोरली गेली, तो पाषाण ज्वालामुखीचाच रस थिजून झालेला आहे. परंतु ते उद्रेक सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे, म्हणजे मानवी स्मृतीच्या फार पलीकडचे. आज भारतात जागृत असा ज्वालामुखी अंदमानच्या समुद्रातील बॅरन बेटावर आहे आणि त्या बेटावर मनुष्यवस्ती नाही. 'ज्वालामुखी' हे नावसुद्धा आपल्या परंपरेत देवीचे म्हणून परिचित आहे. कांगड्याच्या देवस्थानात अखंड तेवते ती ज्योत भूगर्भातून येणाऱ्या नैसर्गिक वायूची. तेव्हा शब्द आहे, पाषाण आहे, देवताही आहे. अनुभव तेवढा नाही.

ज्यांना हा अनुभव आला, त्या समाजांनी तो कसा जतन केला, हा प्रश्न तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला म्हणूनच महत्त्वाचा वाटावा. प्रस्तुत लेखात उद्रेकाच्या सार्वजनिक इतिहासापेक्षा त्याच्या वैयक्तिक स्मृतींचा आणि त्या स्मृती ज्यांच्या आश्रयाने टिकतात त्या वस्तूंचा विचार केला आहे. पत्र, पद्यकथा, चित्रफीत, राखेची बाटली, जळलेली पावरोटी, थांबलेले घड्याळ अशी ही सामग्री आहे. तिच्यातील बरीचशी रूढ अर्थाने वाङ्मय नव्हे. तरीही ती वाचावी लागते. आणि कशी वाचावी, हाच येथील मुख्य प्रश्न आहे.

२

आरंभी शब्दांचा थोडा विचार आवश्यक आहे. मराठीत 'आठवण' हा एकच शब्द मनातील स्मरणाला आणि हातातील वस्तूलाही लावला जातो. जुन्या पेटीतील अडकित्त्याकडे बोट दाखवून 'ही आजोबांची आठवण' असे सहज म्हटले जाते. या प्रयोगात षष्ठीचा प्रत्यय गाळला, तर उरतो तो नुसता अडकित्ता. वस्तूला आठवणीची पदवी मिळते ती कोणाच्या तरी संबंधामुळे, आणि तो संबंध भाषा सांगते. पुराणवस्तू आणि स्मृतिचिन्ह यांतील भेद येथेच आहे. पुराणवस्तू काळाची साक्ष देते, स्मृतिचिन्ह व्यक्तीची.

स्मृतिचिन्हांचेही दोन वर्ग कल्पिता येतील. पहिला वर्ग निवडलेल्या वस्तूंचा: माणूस स्वतः ठरवून काही जपतो, जाताना बरोबर नेतो. दुसरा वर्ग उरलेल्या वस्तूंचा: येथे निवड माणसाची नसते, आग, राख किंवा लाट जे टाकून जाईल तेच हाती येते. उद्रेकाची स्मृतिचिन्हे बहुतांशी दुसऱ्या वर्गातील असतात. घरातील दागिना जातो आणि झारा उरतो. मुलाचे छायाचित्र जाते आणि तेलाचा डबा उरतो. अशा निवड न केलेल्या वस्तूला 'माझी' म्हणणे ही एक मानसिक आणि भाषिक कृती आहे. त्या कृतीवाचून उरलेली वस्तू केवळ मलबा असते.

३

उद्रेकाच्या वैयक्तिक स्मृतीचे सर्वांत प्रसिद्ध लिखित उदाहरण रोमन आहे. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हिअसच्या उद्रेकात पॉम्पेई आणि हर्क्युलेनियम ही नगरे गाडली गेली. त्या वेळी वयाच्या अठराव्या वर्षात असलेला धाकटा प्लिनी उपसागराच्या दुसऱ्या टोकाला, मिसेनम येथे, आईजवळ होता. त्याचा मामा, निसर्गेतिहासाचा कर्ता थोरला प्लिनी, आरमाराची जहाजे घेऊन लोकांच्या सुटकेसाठी गेला आणि स्टाबिए येथे मरण पावला. सुमारे पाव शतकानंतर इतिहासकार टॅसिटस याच्या विनंतीवरून धाकट्या प्लिनीने दोन पत्रे लिहिली. त्याच्या पत्रसंग्रहाच्या सहाव्या भागात ती आहेत.

या दोन पत्रांतील फरक अभ्यासनीय आहे. पहिले पत्र मामाच्या मृत्यूचे. टॅसिटसने मागितले होते तेच. दुसरे पत्र स्वतःच्या अनुभवाचे. त्यात पर्वतापेक्षा घरगुती तपशील अधिक लक्षात राहतात: धरणीकंप होत असताना अंगणात बसून तो लिव्हीचा ग्रंथ वाचत व त्यातील उतारे काढत राहिला, सपाट जागेवर उभ्या केलेल्या गाड्या आपोआप सरकू लागल्या, आईने त्याला आपल्याला मागे ठेवून पळून जाण्यास विनविले आणि त्याने तिचा हात धरला, अंगावर साचणारी राख पुनःपुन्हा झटकावी लागली. पत्राच्या शेवटी तो म्हणतो की ही हकीगत इतिहासात घालण्याच्या योग्यतेची नाही. या नम्रतेत साहित्यशास्त्राचा एक जुना दंडक दडलेला आहे: मामाचा मृत्यू हा इतिहास, आईचा हात ही खाजगी बाब. परंतु कालाने निवाडा उलटा दिला. आज दोन्ही पत्रे सारख्याच आस्थेने वाचली जातात, आणि इतिहासाला अयोग्य म्हणून बाजूला ठेवलेला तो तपशीलच वाचकाला त्या सकाळपर्यंत नेतो.

त्याच उद्रेकाने राखून ठेवलेली एक वस्तू या पत्राशेजारी ठेवून पाहावी. हर्क्युलेनियमच्या उत्खननात कोळसा झालेली एक गोल पावरोटी मिळाली. तिच्यावर भाजण्यापूर्वी उठविलेला शिक्का आहे आणि त्यावरून ती क्विंटस ग्रॅनियस व्हेरस याचा गुलाम सेलेर याची असल्याचे कळते. अनेकांच्या रोट्यांत आपली ओळखू यावी, एवढाच त्या शिक्क्याचा हेतू असावा. पॉम्पेईत १८६३ पासून ज्युझेप्पे फिओरेल्लीच्या पद्धतीने, राखेत राहिलेल्या पोकळ्यांत प्लास्टर ओतून, मृतांच्या आकृती घडविल्या गेल्या. त्या आकृतींचे हात, गुडघे, वस्त्रांच्या चुण्या स्पष्ट दिसतात. नावे मात्र कळत नाहीत. येथे देह आहे आणि नाम नाही. सेलेरच्या बाबतीत देह नाही, पण नाम आहे. प्लिनीला ग्रंथ, पत्र आणि टॅसिटससारखा वाचक लाभला. गुलामाला लाभली ती रोटी. दोघांच्याही स्मृती टिकल्या त्या 'कोणाची' या प्रश्नाचे उत्तर त्यांच्यावर लिहिलेले होते म्हणून.

४

रोमच्या पश्चिमेकडील वारशातून आता आग्नेय आशियाकडे वळावयाचे कारण असे की, तेथे भारतीय भाषांच्या अभ्यासकाला परके न वाटणारे शब्द भेटतात. २७ ऑगस्ट १८८३ रोजी सुंदा सामुद्रधुनीतील क्राकाताउचा महास्फोट झाला. तत्कालीन डच सरकारच्या नोंदीनुसार ३६,४१७ माणसे मृत्यू पावली. त्यांतील बहुसंख्य आगीने नव्हे, समुद्राच्या लाटांनी. युरोपात या घटनेचे शास्त्रीय अहवाल झाले आणि तेच पुढे प्रमाण मानले गेले. परंतु त्याच सुमारास सिंगापुरात मुहम्मद सालेह नावाच्या कवीची मलाय भाषेतील, जावी लिपीतील एक पद्यकथा शिळाछापावर छापली गेली. 'स्याइर लाम्पुंग कराम', म्हणजे बुडालेल्या लाम्पुंगची स्याइर, या नावाने ती ओळखली जाते.

'स्याइर' हा चार-चार चरणांच्या, समान यमकाच्या कडव्यांचा मलाय रचनाबंध. हा शब्द अरबीतून आला. आणि ज्या धातूपासून तो आला त्याच धातूपासून फारसीच्या वाटेने मराठीचा 'शाहीर' आला. नात्याचा हा धागा केवळ शब्दापुरता नाही. पोवाड्याप्रमाणेच स्याइरही समकालीन घटनेची वार्ता श्रोत्यांपर्यंत नेते, गावांची नावे घेते, हानीची मोजदाद करते आणि श्रोत्यांची करुणा जागवते. मुहम्मद सालेहच्या रचनेत लाम्पुंगच्या किनाऱ्यावरील वस्त्यांचा विध्वंस, राखेचा पाऊस, निराधार झालेली माणसे यांचे चित्र येते. शास्त्रीय अहवालात लाटेची उंची मिळते. लाट कोणाच्या दारात आली हे स्याइरमध्ये मिळते.

याच प्रदेशातील एक वस्तूही प्रसिद्ध आहे. तेलुक बेतुंगच्या बंदरातील लोखंडाचा एक प्रचंड बोया लाटेने जमिनीवर आणून टाकला. आज बांदार लाम्पुंग शहरातील उद्यानात तो स्मारक म्हणून उभा आहे. लाटेच्या बळाची साक्ष म्हणून त्याचे मोल मोठे आहे. परंतु तो कोणाचाही नव्हता, बंदराचा होता. म्हणून तो स्मारक झाला, आठवण झाला नाही. स्याइर आणि बोया यांच्या तुलनेतून वर केलेला भेद अधिक स्पष्ट होतो.

५

विसाव्या शतकातील दोन उद्रेक या भेदाला आणखी दोन बाजूंनी उजळतात. १८ मे १९८० रोजी अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यातील माउंट सेंट हेलेन्सचा उद्रेक झाला आणि ५७ माणसे मरण पावली. राख अनेक राज्यांवर पडली. लोकांनी ती बरण्यांत भरून ठेवली, कुपीत घालून विकली, कुंभारांनी तिचा भांड्यांच्या लुकणासाठी उपयोग केला. ही राख सर्वांच्या अंगणात पडली, यामुळेच ती विशेष कोणाची झाली नाही. ज्या बरणीवर दिवस, गाव आणि भरणाऱ्याचे नाव आहे ती कुटुंबाची ठेव. ज्या कुपीवर केवळ पर्वताचे नाव आहे तो बाजारातील जिन्नस. राख दोन्हींत एकच.

त्याच सकाळी रॉबर्ट लँड्सबर्ग हा छायाचित्रकार पर्वताच्या काही किलोमीटर पश्चिमेला होता. राखेचा लोट आपल्यापर्यंत येणार आणि सुटका नाही, हे ओळखल्यावरही तो छायाचित्रे घेत राहिला. मग त्याने फीत गुंडाळून घेतली, कॅमेरा पिशवीत ठेवला आणि पिशवीवर आपला देह टाकला. देह सापडला तेव्हा त्याखाली फीत सुरक्षित होती. मरणाऱ्याने हेतुपूर्वक मागे ठेवलेली अशी वस्तू उद्रेकांच्या इतिहासात विरळा. उरलेल्या वस्तूंच्या वर्गात हे एक निवडलेले स्मृतिचिन्ह आहे, आणि त्याचे मोल देऊन ते निवडले गेले आहे.

दुसरा उद्रेक त्याआधीचा, आइसलँडच्या दक्षिणेकडील हेमाए बेटावरचा. २३ जानेवारी १९७३ च्या मध्यरात्रीनंतर गावाच्या कडेलाच भूमीला लांब भेग पडली. आदल्या दिवशीच्या वादळामुळे मासेमारीच्या होड्या बंदरातच होत्या. त्यांतून सुमारे ५,३०० रहिवाशांपैकी बहुतेकांना काही तासांत मुख्य भूमीवर नेता आले. सुमारे ४०० घरे राखेखाली व लाव्ह्याखाली गेली. येथे माणसे वाचली, आणि त्यांच्यापुढे क्षणभर का होईना निवड होती: अंधारात हाताला काय घ्यावे? अशा वेळी घेतलेली वस्तू पुष्कळदा उपयोगाची नसते. पण पुढे आयुष्यभर तिच्याविषयी सांगितले जाते. उद्रेक जुलैत थांबला, बरेच रहिवासी परतले. २०१४ साली तेथे 'एल्डहेइमार' हे संग्रहालय उघडले. राखेतून उकरून काढलेले एक घर त्याच्या मध्यभागी आहे. ते कोणाचे घर, हे तेथे ठाऊक आहे. पॉम्पेईच्या घरांविषयी आपण तर्क करतो. येथे विचारता येते.

६

या विवेचनाचा मध्यवर्ती दाखला मात्र जावा बेटावरील आहे. योग्याकार्ताच्या उत्तरेला असलेल्या मेरापी पर्वताचा २०१० सालचा उद्रेक १८७२ नंतरचा त्या पर्वताचा सर्वांत मोठा उद्रेक मानला जातो. साडेतीनशेहून अधिक माणसे मरण पावली. लक्षावधी माणसांना घरे सोडावी लागली. उतारावरून वेगाने खाली येणाऱ्या तप्त वायू-राखेच्या लोटाला जावानी लोक 'वेधुस गेम्बेल' म्हणतात, म्हणजे केसाळ मेंढरू. पर्वताच्या भयंकर रूपाला गोठ्यातील नाव देणारी ही भाषा शेजारधर्माची भाषा आहे. २६ ऑक्टोबर २०१० रोजी किनाहरेजो गावात म्बाह मारिजान यांचा मृत्यू झाला तो याच लोटात. सुलतानांनी नेमलेले ते पर्वताचे रक्षक. राजवाड्यातर्फे दरवर्षी पर्वताला वस्त्रे व इतर उपहार अर्पण करण्याच्या 'लाबुहान' विधीचे ते प्रमुख होते. सूचना मिळूनही त्यांनी स्थान सोडले नाही.

उद्रेकाचा सर्वांत मोठा टप्पा ५ नोव्हेंबरला मध्यरात्रीनंतर आला. केपुहार्जो परिसरातील पेतुंग वस्तीत एका कुटुंबाचे घर त्या लोटात सापडले. भिंती काही उभ्या राहिल्या, संसार जळाला, दावणीची जनावरे मेली. पुढे त्या कुटुंबाने जे सापडले ते गोळा केले आणि त्याच पडक्या घरात मांडले: वितळून आकार गेलेली भांडी, दुचाकीचा सांगाडा, गुरांची हाडे आणि भिंतीवरचे घड्याळ. घड्याळाची तबकडी वितळली आहे; काटे बारा वाजून पाच मिनिटांवर थांबलेले आहेत. या घराला आता 'म्युझियम सिसा हार्ताकु' म्हणतात.

हे नाव भारतीय वाचकाने सावकाश वाचावे. 'सिसा' म्हणजे संस्कृतातील 'शेष'. 'हार्ता' म्हणजे 'अर्थ', धन या अर्थाने. मलाय-इंडोनेशियन भाषांत जुन्या काळी जाऊन स्थिरावलेले हे दोन्ही शब्द. शेवटचा 'कु' तेवढा तेथील मातीचा: 'माझा'. शेष, अर्थ, माझा: माझ्या धनाचा शेष. एका शेतकरी कुटुंबाच्या घरावरील पाटीत दोन संस्कृत शब्द आहेत, आणि त्यांना स्मृतीचा जिवंत अर्थ देणारा प्रत्यय जावा-सुमात्रेच्या भाषांचा आहे. 'सिसा हार्ता' एवढेच नाव असते, तर ते नुकसानीच्या यादीचे शीर्षक झाले असते. 'कु'मुळे ते एका माणसाचे उद्गार झाले.

संस्कृतात मृत व्यक्तीला नामशेष, कथाशेष म्हणण्याची रीत आहे: देह गेला, नाम उरले, कथा उरली. मराठीनेही 'नामशेष' हा शब्द घेतला. पण आपल्याकडे त्याचा अर्थ पूर्ण नाश असा झाला. मूळ समासात नाश आणि शिल्लक दोन्ही होते. मराठीने नाश ठेवला, शिल्लक सोडून दिली. जावानी कुटुंबाची पाटी त्याच 'शेषा'तील शिल्लक बाजू पुढे करते. काय गेले याची यादी ती देत नाही. काय उरले ते दाखवते आणि गेलेल्याचे माप पाहणाऱ्यावर सोपवते.

अशा वस्तूंना इंडोनेशियन भाषेत 'साक्सी बिसु', म्हणजे मूक साक्षीदार, म्हणतात. 'साक्सी' हा आपला 'साक्षी'च. या प्रयोगातील विरोध विचारात घेण्याजोगा आहे. साक्षीदाराचे काम बोलणे. मुका साक्षीदार साक्ष कशी देणार? घड्याळ वेळ सांगते, परंतु ती वेळ कशाची, हे सांगत नाही. ते शेजारची पाटी सांगते, आणि पाटीपेक्षाही अधिक घरातले माणूस सांगते. वस्तू खरेपणाची हमी देते, शब्द अर्थाची. दोहोंपैकी एकाचा अभाव झाला की साक्ष लंगडी होते.

हा धोका काल्पनिक नाही. मेरापीच्या उतारावर पर्यटकांना जीपमधून हिंडविणाऱ्या सफरी सुरू झाल्या आणि हे घर त्या सफरींतील एक ठरलेला थांबा बनले. त्यातून उद्ध्वस्त झालेल्या गावांना उत्पन्न मिळाले, ही गोष्ट लहान नाही. ज्यांची शेती आणि गुरे गेली त्यांना आपला शेषही उपजीविकेला लावावा लागला, तर त्याला नाक मुरडण्याचा अधिकार दूरच्या अभ्यासकाला नाही. परंतु थांबलेल्या घड्याळासमोर काही क्षण उभे राहून निघून जाणाऱ्याला 'कु' ऐकू येतो का, हा प्रश्न उरतो. तो ऐकू आला नाही, तर ही वस्तू पुन्हा बोयाच्या किंवा कुपीतील राखेच्या पंक्तीला जाऊन बसते.

७

या सर्व दाखल्यांतून एक सूत्र हाती येते. उद्रेक वस्तूंना त्यांच्या उपयोगापासून, जागेपासून आणि बहुधा मालकापासूनही तोडतो. स्मृतिचिन्ह घडते ते तुटलेला संबंध कोणीतरी भाषेत पुन्हा जोडतो तेव्हा. रोटीवर शिक्का, पत्रात आईचा हात, स्याइरमध्ये गावाचे नाव, बरणीवर तारीख, पाटीवर 'कु' ही त्या जोडणीची भिन्न रूपे आहेत. त्यांतील काही वाङ्मयाच्या इतिहासात दाखल झाली, काही झाली नाहीत. कार्य मात्र सर्वांचे एकच.

भारतीय साहित्याच्या अभ्यासकाला याचा उपयोग ज्वालामुखीपुरता नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर आणि तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत भूकंप झाला. किल्लारीसह अनेक गावे उठून नव्या जागी वसली. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छ हादरले. भूजजवळच्या 'स्मृतिवना'त, जे २०२२ साली खुले झाले, मृतांच्या नावांचे फलक आहेत. अशा प्रत्येक प्रसंगानंतर आपल्याकडे सर्वांत आधी लिहिला जाणारा मजकूर म्हणजे पंचनामा. त्यात घर येते, भिंती येतात, गुरे, धान्य, भांडी येतात, प्रत्येकासमोर नुकसानीचा आकडा येतो, खाली पंचांच्या सह्या येतात. भरपाईसाठी तो मजकूर अत्यावश्यक आहे. परंतु त्यात गेलेल्या वस्तूंची किंमत लिहिली जाते. उरलेल्या वस्तूला रकाना नाही. ढिगाऱ्यातून काढलेले जाते, पाटा, दाराची कडी नव्या घरात कोणी नेली, कोणत्या शब्दांनी ती नातवंडांना दाखवली, हे कोणत्याही सरकारी कागदात सापडणार नाही.

ते शब्द बोलणारी पिढी आता वृद्ध झाली आहे. वस्तू तिच्यानंतरही राहतील. लोखंड आणि दगड चिवट असतात. षष्ठीचा प्रत्यय मात्र बोलणाऱ्याबरोबर जातो. तो लिहून ठेवणे हे काम पुरातत्त्वाचे नाही, महसूल खात्याचेही नाही; ते साहित्याच्या अभ्यासकाचे आहे, आणि त्याला लागणारी साधने फार थोडी आहेत: एक वही, पुरेसा वेळ, आणि वस्तूकडे बोट दाखवून 'ही कोणाची?' असे विचारण्याची तयारी.